पहिली आवृत्तीच कशाला? अर्थशास्त्राचे जुने ग्रंथ जमवण्याची रीत

लंडनच्या मेथुएन प्रकाशनाने १९०४ साली ॲडम स्मिथच्या 'वेल्थ ऑफ नेशन्स'ची दोन खंडांची आवृत्ती काढली. संपादक होते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवणारे एडविन कॅनन. त्यांनी स्मिथच्या हयातीतली शेवटची, म्हणजे पाचवी आवृत्ती पायाभूत धरली आणि आधीच्या आवृत्त्यांत कुठे शब्द वेगळा होता, कुठे मजकूर नव्हताच, हे तळटिपांत नोंदवलं. पुढे १९२३ साली याच कॅनन यांनी एका भारतीय विद्यार्थ्याच्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली. ग्रंथ होता 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी', लेखक भीमराव आंबेडकर, प्रकाशक लंडनचे पी. एस. किंग अँड सन. लेखकाचे बरेचसे युक्तिवाद आपल्याला मान्य नाहीत असं कॅनन यांनी त्या प्रस्तावनेत स्पष्ट लिहिलं, पण त्या विचारांतल्या ताजेपणाची दादही दिली.

माझ्या कपाटात मेथुएनचे ते दोन खंड आहेत आणि शेजारी रुपयावरचा तो ग्रंथ आहे. तो १९२३ चा नाही. मुंबईच्या ठॅकरने १९४७ साली 'हिस्टरी ऑफ इंडियन करन्सी अँड बँकिंग' या नव्या नावाने काढलेली ती आवृत्ती आहे. संग्रह म्हणावा असं माझ्याकडे जे काही आहे, ते या दोन पुस्तकांपासून सुरू झालं. त्यातली एकही पहिली आवृत्ती नाही, आणि त्याची मला खंतही नाही. या छंदात पडणारा प्रत्येक जण 'पहिली आवृत्ती' या दोन शब्दांच्या मागे धावतो. इतक्या वर्षांनी माझं मत वेगळं झालं आहे. ज्या आवृत्तीत काहीतरी घडलं, लेखकाचं मत बदललं, मजकूर वाढला, नाव बदललं किंवा पुस्तक नव्या वाचकांपर्यंत गेलं, ती आवृत्ती शोधावी. कधी ती पहिलीच असते, पण पुष्कळदा नसते.

आधी धागा ठरवा

'अर्थशास्त्रातली अभिजात पुस्तकं' हा विषय एका आयुष्यात आणि एका पगारात मावणारा नाही. हर्बर्ट सॉमरटन फॉक्सवेल या इंग्रज प्राध्यापकाने जन्मभर आर्थिक विषयांवरची जुनी पुस्तकं आणि पत्रकं गोळा केली. त्याचा पहिला संग्रह १९०१ साली लंडनमधल्या सोनारांच्या गोल्डस्मिथ्स कंपनीने विकत घेतला आणि तो पुढे लंडन विद्यापीठाकडे गेला. गडी थांबला नाही. त्याने पुन्हा जमवायला सुरुवात केली आणि तो दुसरा संग्रह हार्वर्डच्या क्रेस ग्रंथालयात गेला. आजही मोठे विक्रेते वर्णनात 'गोल्डस्मिथ्स अमुक, क्रेस तमुक' असे क्रमांक देतात, ते या दोन संग्रहांच्या सूचींतले. आपण फॉक्सवेल होणार नाही हे पहिल्या दिवशीच मान्य केलं की पुढचे निर्णय सोपे जातात.

म्हणून एक प्रश्न निवडा. माझा प्रश्न असा होता: इंग्रजी राज्यात आपला पैसा कुठे जातो आणि रुपयाची किंमत कोण ठरवतो, यावर कोणी काय लिहिलं? या एका प्रश्नावर फडताळ भरतं. न्या. रानड्यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात 'इंडियन पोलिटिकल इकॉनॉमी' हे व्याख्यान दिलं. तो निबंध ज्यात आहे तो त्यांचा संग्रह मुंबईच्या ठॅकरने एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी काढला आणि नंतरची आवृत्ती मद्रासच्या नटेसन यांनी काढली. दादाभाई नौरोजींचं 'पॉव्हर्टी अँड अन-ब्रिटिश रूल इन इंडिया' १९०१ साली लंडनच्या स्वान सोनेनशाईनने छापलं. रमेशचंद्र दत्तांच्या भारताच्या आर्थिक इतिहासाचे दोन खंड १९०२ आणि १९०४ चे. मग १९१३ साली मॅकमिलनने काढलेलं केन्सचं 'इंडियन करन्सी अँड फायनान्स', ज्यात सुवर्ण विनिमय परिमाणाची, म्हणजे सोन्याशी बांधलेल्या परकीय चलनाच्या आधाराने रुपयाची किंमत टिकवण्याच्या पद्धतीची बाजू मांडली आहे. त्याच्यापुढे १९२३ चा आंबेडकरांचा ग्रंथ ठेवा, ज्यात ती बाजू खोडली आहे. १९२४ चं धनंजयराव गाडगिळांचं 'द इंडस्ट्रियल इव्होल्यूशन ऑफ इंडिया इन रीसेंट टाइम्स' घ्या. १९२५ चं आंबेडकरांचं 'द इव्होल्यूशन ऑफ प्रॉव्हिन्शियल फायनान्स इन ब्रिटिश इंडिया' घ्या. त्याला कोलंबिया विद्यापीठाच्या सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे आणि अर्पणपत्रिकेत बडोद्याचे सयाजीराव महाराज आहेत.

तुमचा धागा वेगळा असेल. मराठीत अर्थशास्त्र कसं आलं हा तर फार सुंदर धागा आहे. लोकहितवादींचं 'लक्ष्मीज्ञान' १८४९ चं आहे, हरि केशवजींचं 'देशव्यवहारव्यवस्था' १८५४ चं. ही पुस्तकं बाजारात जवळजवळ दिसतच नाहीत. पण जुन्या घरांचे माळे रिकामे होतात तेव्हा असंच काहीतरी निघतं आणि ओळखणारं कोणी नसल्यामुळे रद्दीत जातं.

एक पुस्तक मुळापासून ओळखा

विकत घ्यायचं नसलं तरी एका पुस्तकाच्या सगळ्या आवृत्त्या नीट समजून घ्या. त्यासाठी 'वेल्थ ऑफ नेशन्स'सारखं दुसरं पुस्तक नाही.

पहिली आवृत्ती ९ मार्च १७७६ रोजी लंडनला स्ट्रॅहन आणि कॅडेल यांनी प्रसिद्ध केली. मोठ्या क्वार्टो आकाराचे (कागदाचा ताव दोनदा दुमडून केलेले) दोन खंड, साध्या पुठ्ठ्यात किंमत १ पौंड १६ शिलिंग. पहिल्या खंडाचा मजकूर ५१० पानांचा, दुसऱ्याचा ५८७ पानांचा. हाफ-टायटल, म्हणजे नामपृष्ठाच्या आधीचं नुसतं नाव असलेलं पान, फक्त दुसऱ्या खंडात असतं. पहिल्या खंडात ते दिसत नाही म्हणून 'पान गहाळ' म्हणायचं कारण नाही. छपाई झाल्यावर चुका सापडल्या तेव्हा काही पानं कापून त्या जागी दुरुस्त केलेली पानं चिकटवली गेली. पहिल्या खंडातलं एम ३ किंवा क्यू १ (पानांच्या तळाशी छापलेल्या या खुणांबद्दल पुढे येईलच) हे पान बघा: मूळ पान कापल्यावर उरलेली अरुंद पट्टी बांधणीजवळ दिसते आणि नवं पान तिच्यावर डकवलेलं असतं. नवख्या माणसाला ही खोड वाटते. खरं तर पुस्तक असंच निघालं होतं.

दुसरी आवृत्ती १७७८ ची, तीही क्वार्टो. मग येते १७८४ ची तिसरी आणि माझ्या दृष्टीने हीच आपली. आकार लहान झाला, ऑक्टाव्होचे (ताव तीनदा दुमडून केलेले) तीन खंड झाले, प्रथमच सूची आली. आणि स्मिथने बरीच भर घातली. परवाना घेऊन परदेशी व्यापार करणाऱ्या कंपन्यांचा सविस्तर इतिहास पाचव्या भागात याच वेळी आला आणि त्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराची झडती आहे. कंपनीवर टीका पहिल्या आवृत्तीतही आहे, बंगालच्या हालांबद्दलही आहे. पण हा हिशेब तिथे नाही. भारतीय वाचकाने एकच जुनी आवृत्ती घ्यायची ठरवली तर ती १७८४ ची घ्यावी असं मी ठामपणे सांगेन, आणि पहिलीच्या तुलनेत ती कितीतरी स्वस्त मिळते. ज्यांच्याकडे आधीच्या दोन आवृत्त्या होत्या त्यांच्यासाठी ही भर क्वार्टो आकारात वेगळीही छापली होती. काही मालकांनी ती आपल्या प्रतीच्या शेवटी बांधून घेतली. अशी प्रत दिसली तर तिच्यापाशी थांबा.

पाचवी आवृत्ती १७८९ ची. पुढच्या वर्षी जुलैमध्ये स्मिथ गेला. त्याच १७८९ साली फिलाडेल्फियाला टॉमस डॉबसनने पहिली अमेरिकन आवृत्ती काढली. शिवाय डब्लिनच्या छापील प्रती आहेत, १७७६ च्याच, ऑक्टाव्होचे तीन खंड. ब्रिटनचा कॉपीराइटचा कायदा तेव्हा आयर्लंडला लागू नव्हता, म्हणून तिथले पुस्तकवाले लंडनची पुस्तकं बिनदिक्कत स्वस्तात छापत. विक्रेत्याच्या यादीत '१७७६, तीन खंड' दिसलं की ते डब्लिन. लंडनचं १७७६ दोनच खंडांत असतं. ही एक ओळ लक्षात ठेवली तर फार मोठी फसगत टळते.

हीच नजर इतर ग्रंथांना लावा. माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध १७९८ साली लेखकाच्या नावाशिवाय निघाला. १८०३ च्या दुसऱ्या आवृत्तीवर नाव आलं, आकार वाढला आणि मजकूर इतका बदलला की ते जवळजवळ नवं पुस्तकच झालं. रिकार्डोच्या 'प्रिन्सिपल्स ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी'ची पहिली आवृत्ती १८१७ ची, जॉन मरेने काढलेली. पण यंत्रांमुळे मजुराचं नुकसान होऊ शकतं हे त्याने मान्य केलं ते १८२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत, नवीन प्रकरण घालून. मार्क्सच्या 'कॅपिटल'चा पहिला खंड १८६७ साली हॅम्बुर्गच्या ओटो माइसनरने छापला, प्रती हजार. इंग्रजी भाषांतर १८८७ चं, दोन खंडांत, आणि त्यावर स्वान सोनेनशाईनचंच नाव आहे. चौदा वर्षांनी दादाभाईंचं पुस्तक काढणारं हेच प्रकाशन. ही दोन्ही नामपृष्ठं शेजारी ठेवून पाहायची माझी फार दिवसांची इच्छा आहे.

कागद आणि घड्या वाचायला शिका

पुस्तक हातात आलं की मजकुराकडे नंतर वळा.

अठराव्या शतकातल्या पुस्तकाचं एक पान उजेडासमोर धरा. त्या काळच्या हातकागदात बारीक समांतर रेषा दिसतात आणि त्यांना छेदणाऱ्या, बोट-दीड बोट अंतरावरच्या ठळक रेषा दिसतात. कागदाचा ताव दोनदा दुमडून चार पानं केली की क्वार्टो, तीनदा दुमडून आठ केली की ऑक्टाव्हो. क्वार्टोत ठळक रेषा आडव्या येतात, ऑक्टाव्होत उभ्या. नुसत्या उंचीवरून आकार सांगणारा विक्रेता चुकू शकतो, रेषा चुकत नाहीत. एकाच खंडात मध्येच एखाद्या पानाच्या रेषांची दिशा किंवा कागदाचा पोत वेगळा दिसला, तर ते पान दुसऱ्या प्रतीतून आणून बसवलेलं किंवा नंतर नक्कल करून घातलेलं असण्याचा संभव असतो.

आता पानाच्या तळाशी बघा. काही पानांखाली बी, बी२, सी अशी छोटी रोमन अक्षरं असतात. ती बांधणाऱ्यासाठी होती: कोणती घडी कोणत्या घडीनंतर शिवायची, हे सांगणारी. या मालिकेत जे, व्ही आणि डब्ल्यू ही अक्षरं वापरत नसत, त्यामुळे आयनंतर के आला म्हणून घाबरू नका. झेडपर्यंत गेल्यावर दुसरी फेरी सुरू होते, मग तिसरी. संपूर्ण पुस्तक पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत असं मोजत जा. शिवाय प्रत्येक पानाच्या उजव्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द छापलेला असतो. तो पुढच्या पानाशी जुळतो का पाहा. आणि त्या काळच्या टाइपात शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला 'एस' लांब, 'एफ'सारखा दिसणारा असतो. १७७६ चं म्हणून दाखवलेल्या पुस्तकात सगळे 'एस' आजच्यासारखे असतील तर ते पुस्तक १७७६ चं नव्हे.

१८३० च्या आसपास काम बदलतं. कापडी बांधणी प्रकाशकच करून देऊ लागले, त्यामुळे मूळ कापड टिकलं आहे का हे महत्त्वाचं ठरतं. नामपृष्ठाच्या मागे पुनर्मुद्रणाची नोंद आहे का पाहा. मॅकमिलनच्या पुस्तकांत ती सहसा तिथे मिळते. केन्सचं 'जनरल थिअरी' १९३६ च्या फेब्रुवारीत आलं आणि ते वारंवार पुन्हा छापलं गेलं आहे. समोर १९३६ दिसलं म्हणून तेवढ्यावर समाधान मानू नका, मागची बाजू वाचाच. पुस्तकाच्या शेवटी प्रकाशकाची यादी बांधलेली असेल तर तिच्यावरची तारीखही बघा. नामपृष्ठावर एक साल आणि यादीवर त्याच्या दोन-तीन वर्षांनंतरचं साल असेल, तर छापलेले फर्मे (न बांधलेले ताव) पडून होते आणि ही प्रत नंतर बांधली गेली. पुस्तक खोटं ठरत नाही, पण भाव ठरवताना ते सांगायला हवं.

ही मोजणी मी पैसे देण्याआधी करू लागलो, त्याला कारण आहे. सुरुवातीच्या काळात मी दत्तांच्या इतिहासाचा एक खंड घेतला होता. बांधणी घट्ट, कापड स्वच्छ, पाहताक्षणी मन भरलं. चार महिन्यांनी वाचत वाचत जमीनमहसुलाच्या प्रकरणात शिरलो आणि वाक्य मध्येच तुटलं. आठ पानं नव्हती. विक्रेत्याने परत घ्यायला नकार दिला, आणि चार महिन्यांनी तो का घेईल? तेव्हापासून माझ्या खिशात पट्टी, भिंग आणि त्या पुस्तकाच्या पानांचं टिपण असतं. दुकानात उभ्याउभ्या अर्धा तास लागतो. चांगला विक्रेता कधीही कुरकुर करत नाही. जो करतो त्याच्याकडून मी घेत नाही.

टिपण कसं करायचं? इंटरनेट अर्काइव्हवर बहुतेक जुन्या ग्रंथांच्या ग्रंथालयीन प्रतींचे स्कॅन फुकट आहेत. नामपृष्ठ, पानसंख्या, नकाशे, तक्ते, शुद्धिपत्र आणि शेवटच्या जाहिराती एका कागदावर उतरवून घ्या. मात्र एका स्कॅनवर विसंबू नका, कारण ग्रंथालयाच्या प्रतीतूनही पानं गेलेली असतात. दोन-तीन पाहा. पुण्या-मुंबईत राहत असाल तर खरी प्रत पाहा. गोखले अर्थशास्त्र संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय आणि मुंबईच्या टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी ही दोन ठिकाणं या विषयासाठी अपार श्रीमंत आहेत. आधी पत्र लिहा, कोणतं पुस्तक कशासाठी पाहायचं ते सांगा, हात धुऊन जा, फक्त पेन्सिल न्या.

कुठे शोधायचं

लिलावगृहं आणि परदेशी विक्रेत्यांची संकेतस्थळं सगळ्यांना ठाऊक आहेत. एबबुक्स आणि व्हायालिब्री यांवर एकाच पुस्तकाच्या वीस प्रती एकत्र दिसतात. वर्णनं वाचून भाव समजण्यासाठी तरी महिनाभर ती रोज चाळा. पण आपल्या धाग्यातली पुस्तकं आपल्याच गावात निघतात. फ्लोरा फाउंटनचे फुटपाथ, माटुंग्याचं किंग्ज सर्कल, पुण्यात अप्पा बळवंत चौकाचा परिसर आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ओळखीचे रद्दीवाले. प्राध्यापक, वकील, जुने बँक अधिकारी यांच्या घरातली पुस्तकं शेवटी तिथे येतात. रद्दीवाल्याला 'जुनी इंग्रजी पुस्तकं आली की कळव' असं सांगून भागत नाही. त्याला एका कागदावर लेखकांची नावं आणि प्रकाशकांची नावं मोठ्या अक्षरांत लिहून द्या, आणि वजनावर भाव करू नका. पुस्तक मोलाचं आहे हे तुम्हाला माहीत आहे आणि त्याला नाही, अशा वेळी त्याला बरा पैसा देणं हे योग्यच आहे. शिवाय पुढच्या वेळी तो पहिला फोन तुम्हालाच करतो.

ऑनलाइन वर्णन वाचताना एक गाळणी लावा. 'फॅक्सिमिली', 'रीप्रिंट', 'प्रिंट ऑन डिमांड' हे शब्द कधी कधी अगदी तळाशी लिहिलेले असतात आणि वर मोठ्या अक्षरात मूळ साल असतं. न्यूयॉर्कच्या ऑगस्टस केली या प्रकाशनाने विसाव्या शतकात अर्थशास्त्राच्या जुन्या ग्रंथांची बरीच पुनर्मुद्रणं काढली. ती चांगली आहेत, वाचायला घ्या, पण जुन्या आवृत्तीच्या भावाने नको. दिल्लीच्या प्रकाशन विभागाने १९६० च्या आसपास दत्त आणि दादाभाई यांचे ग्रंथ पुन्हा छापले, त्यांचंही तसंच. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या आंबेडकरांच्या लेखन आणि भाषणांच्या इंग्रजी मालिकेचा सहावा खंड अर्थविषयक ग्रंथांचा आहे. खुणा करायला, समासात लिहायला अशी प्रत हाताशी ठेवा. १९२३ च्या प्रतीवर कोणी पेन चालवू नये.

विक्रेत्याकडे फोटो मागताना नेमके मागा: नामपृष्ठ, त्याची मागची बाजू, शेवटचं छापील पान, दोन्ही पुठ्ठ्यांच्या आतले सांधे, कणा आणि शिक्का असलेलं प्रत्येक पान.

शिक्के आणि सह्या

शिक्का हा विषय मी फार गंभीरपणे घेतो. आपल्याकडच्या जुन्या प्रती बहुतेक कुठल्या ना कुठल्या वाचनालयाच्या असतात. आत दाखल क्रमांक असतो, गोल शिक्का असतो. ग्रंथालयाने पुस्तक रीतसर बाद केलं असेल तर 'निर्लेखित' असा शिक्का किंवा सहीसह नोंद असायला हवी. ती नसेल तर पुस्तक हातातून खाली ठेवा आणि त्या वाचनालयाला फोन करा. मी दोनदा केला आहे. एकदा पुस्तक खरंच बाद झालं होतं आणि ग्रंथपालांनी तसं पत्र दिलं. दुसऱ्यांदा ते चोरीला गेलेलं निघालं आणि परत गेलं. ते रानड्यांचं पुस्तक होतं आणि मला ते फार हवं होतं.

मालकाची सही, भेट दिल्याची ओळ, समासातल्या नोंदी यांनी प्रत बिघडत नाही. १९१३ च्या केन्सवर एखाद्या मुंबईकर व्यापाऱ्याने शाईने रुपयाच्या दराची आकडेमोड केली असेल तर ती प्रत मला कोऱ्या प्रतीपेक्षा प्रिय. मात्र 'डॉ. आंबेडकरांची सही' किंवा 'त्यांच्या संग्रहातली प्रत' असं कोणी म्हणालं तर पुरावा मागा: प्रत कुणाकडून कुणाकडे कशी आली, प्रत्येक पायरी. बाबासाहेबांची बरीच पुस्तकं मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात जतन केलेली आहेत. बाजारात फिरणाऱ्या प्रतीबद्दल असा दावा असेल तर तो सिद्ध करण्याची जबाबदारी विकणाऱ्याची.

भाव

१७७६ ची लंडनची प्रत किंवा १८६७ चा हॅम्बुर्गचा खंड लिलावात लाख डॉलरच्या वर जातो. तो विषय आपण इथेच सोडू. बाकीच्यांचा भाव तीन गोष्टींवर ठरतो: प्रत पूर्ण आहे का, बांधणी त्या काळची आहे का, आणि विसाव्या शतकातल्या पुस्तकाचं मूळ कागदी वेष्टण टिकलं आहे का. 'जनरल थिअरी'ला वेष्टण असेल तर किंमत कित्येक पटींनी वाढते. त्यामुळेच वेष्टणांच्या रंगीत झेरॉक्सही फिरतात. वेष्टणाची आतली बाजू पाहा, घड्यांवरची झीज पुस्तकाच्या झिजेशी जुळते का पाहा.

अठराव्या शतकात पुस्तक साध्या पुठ्ठ्यात विकत आणि गिऱ्हाईक आपल्या पसंतीने चामड्यात बांधून घेई, हे ध्यानात ठेवा. म्हणून 'मूळ बांधणी' या शब्दाला तिथे फारसा अर्थ नाही, 'समकालीन बांधणी' हा बरोबर शब्द. भव्य, सोनेरी, नव्या चामड्याला भुलू नका; बांधताना कडा कापल्या जातात आणि समासातल्या जुन्या नोंदी अर्ध्या होतात.

सीमेपलीकडून

परदेशातून मागवलेल्या पुस्तकावर सीमाशुल्क लागू शकतं आणि दर अर्थसंकल्पागणिक बदलतात. पाठवण्याआधी कुरिअरला विचारा. बिलावर 'जुने छापील पुस्तक', छपाईचं साल आणि खरी किंमत लिहायला सांगा. विमा घ्या. किंमत कमी दाखवण्याची सूचना विक्रेत्याने केली तर नाही म्हणा: पुस्तक हरवलं तर विमा तेवढाच मिळेल.

उलट दिशेला कायदा जास्त कडक आहे. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. हस्तलिखितं आणि दस्तऐवज यांना तर पंचाहत्तर वर्षांची मर्यादा आहे. अमेरिकेत किंवा दुबईत राहणारे पुष्कळ मराठी वाचक सुट्टीत आजोबांची पुस्तकं बॅगेत घालून नेतात. शंभरी ओलांडलेलं पुस्तक नेण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या कार्यालयात विचारून घ्या आणि वस्तू पुरावशेष नाही असं प्रमाणपत्र मिळत असेल तर ते सोबत ठेवा.

पावसाळा

आता खरी लढाई. लंडनच्या थंडीत दोनशे वर्षं टिकलेलं पुस्तक कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दोन पावसाळ्यांत जातं. साधा आर्द्रतामापक कपाटात ठेवा. आकडा ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास असावा. ६५ च्या वर बराच काळ राहिला की बुरशी धरते. बाहेरच्या भिंतीला टेकून कपाट ठेवू नका, मागे चार बोटं जागा सोडा. लोखंडी कपाट चालेल, पण पुस्तकं दाटीने कोंबू नका आणि कोरड्या दिवशी दारं उघडी ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या तर त्या रंग बदलल्यावर गरम करून सुकवाव्या लागतात. तशाच पडून राहिलेल्या पुडीचा काही उपयोग नाही. कडुनिंबाचा पाला आणि वेखंड आपल्या आज्या ठेवत. वेखंडाची पुरचुंडी मीही ठेवतो, कागदाला थेट न लावता. पण खरा पहारा म्हणजे दर पंधरा दिवसांनी प्रत्येक पुस्तक हातात घेणं. कसर आणि वाळवी यांना न हलणारं पुस्तक आवडतं.

किडलेलं पुस्तक घरात आलं तर ते इतरांपासून लांब, बंद पिशवीत ठेवा आणि जतनतज्ज्ञाला दाखवा.

आणि लॅमिनेशन. हात जोडून सांगतो, करू नका. फाटलेल्या जुन्या पानांवर प्लास्टिक चढवून देणारे कारागीर गावोगाव आहेत, काही वाचनालयंही प्रेमापोटी हे करतात. कागद आत कोंडून पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि प्लास्टिक परत निघत नाही. सेलोटेपही नको, त्याचा डिंक कागदात उतरून कायमचा तपकिरी डाग ठेवतो. फाटलेली कड सांधायला पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची (स्टार्चची) खळ हा जगभर मान्य असलेला उपाय आहे, कारण पाण्याने तो सोडवता येतो. तेही स्वतः करायचं तर आधी टाकाऊ पुस्तकावर वर्षभर हात बसवा. बाकी, कणा सुटलेल्या पुस्तकाला सुती फीत बांधून आम्लमुक्त पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलं तर ते आहे तसं अनेक वर्षं राहतं. तांबूस ठिपके पडले असतील तर पडू द्या. ते घालवण्यासाठी ब्लीच लावलेली पानं मी पाहिली आहेत, बोट लागलं की मोडतात.

वही

प्रत्येक पुस्तकामागे वहीत एक पान ठेवा. कधी, कुठून, कितीला घेतलं. पानसंख्या मोजली का. काय गहाळ आहे. आत कोणाची सही, कोणता शिक्का. पावती कुठे आहे. पुस्तकावर स्वतःचं नाव लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलीने, शेवटच्या कोऱ्या पानावर, लहान.

या वहीची एक प्रत कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेल्या पाकिटात ठेवा आणि घरच्यांना ती कुठे आहे हे सांगून ठेवा. त्यात वर एक स्वतंत्र कागद असू द्या: यातली कोणती पाच पुस्तकं रद्दीत जाता कामा नयेत, ती कोणत्या ग्रंथालयाला द्यायची, आणि तिथल्या ग्रंथपालांशी बोलणं झालं आहे की नाही. माझ्या कागदावर मेथुएनचे दोन खंड आणि १९४७ चं ठॅकर एकाच ओळीत लिहिलेले आहेत, आणि पुढे कंसात: 'वेगळे करू नयेत.'